शेऱ्याचा रकाना

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. पेशंटचे नातेवाईक, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर, सगळे माझ्याकडे जेवतात. दिवसाला नव्वद-शंभर पानं उठतात. ताटाला तीन पोळ्या, चौथी लागली तर वेगळी, त्यामुळे मोजायची सवय अंगात मुरलेली आहे. हाताने भाजी वाढत असले तरी डोळा पोळीवर असतो. खिडकीजवळच्या मास्तरांनी तिसरी घेतली, कोपऱ्यातल्या बाईने दीडच खाल्ली आणि उरलेली अर्धी वॉर्डातल्या माणसासाठी रुमालात बांधली, हे मला मान वर न करता कळतं. सोळा वर्षांत माझी एक पोळी चुकलेली नाही.

आणि माझ्या स्वतःच्या पोरीने किती खाल्ल्या, ते मी एकदाही मोजलं नाही. माझ्या आईने शिकवलं होतं, लेकराच्या ताटात बघत बसू नये, त्याचे घास मोजू नयेत, दृष्ट लागते. सगळ्यात जास्त आईचीच लागते. हसायचं असेल तर खुशाल हसा. पण तुमच्या घरात कुणी पोराला वाढताना 'ही चौथी हं' असं म्हणत असेल तर मला आणून दाखवा.

या एवढ्याशा गोष्टीपायी माझी मुलगी मरता मरता वाचली. आणि ज्यांच्यामुळे ती वेळ आली, ते मलाच खोटारडी म्हणून मोकळे झाले. म्हणून सांगायला बसले आहे.

मैथिली नऊ वर्षांची होती आणि तिचं वजन एक्कावन्न किलो होतं. हे दोन हजार एक्केचाळीस सालच्या जूनमधलं. तिच्या शाळेने त्या वर्षी फाटकात वजनाची फरशी बसवली. पोरांनी त्यावरून चालत आत जायचं. वजन उंचीच्या मानाने जास्त नसेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल दिवा आणि वर एक भोंगा. मागे उभी असलेली पोरं त्या भोंग्याची नक्कल करायची. एकदा तिला सोडायला गेले तर मैथिली फाटकाबाहेर बूट काढत होती. मग दप्तर काढलं, पाण्याची बाटली काढली, केसांतली पिनसुद्धा काढून माझ्या हातात दिली, आणि फरशीवर पाय ठेवला. भोंगा वाजलाच. ज्याने ती फरशी शोधून काढली त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, मग बघते.

नातेवाईक तोंडावर बोलायचे. खानावळ घरचीच, मग काय विचारता. आई खाऊ घालून फुगवते. माझा नवरा संगमेश डबे पोचवायचा टेंपो चालवतो, त्यालाही गिऱ्हाइकं चिडवायची. तो हसून सोडून द्यायचा. मला नाही जमायचं.

अशात नाजनीन आली. नाजनीन जमादार आमच्या मागच्या गल्लीतली, बीएस्सी झालेली, हुशार पोरगी. एका औषध कंपनीने लठ्ठ मुलांसाठी नवीन उपचार काढला होता आणि मिरज तालुक्यात दोनशे चाळीस मुलांवर त्याची चाचणी होणार होती. घरोघरी जाऊन नोंदी घ्यायचं काम नाजनीन आणि तिच्या हाताखालच्या पोरींकडे होतं, आमची गल्ली ती स्वतः करायची. तिने मला जसं समजावलं तसंच सांगते.

आपण जेवलो की अन्न जठरातून आतड्यात उतरतं. आतड्याच्या अस्तरात काही पेशी पहारा देत असतात. अन्न आलं, साखर आली, की त्या रक्तात संप्रेरकं सोडतात. त्यातल्या एकाचं नाव जीएलपी-वन. ते तीन ठिकाणी निरोप नेतं. स्वादुपिंडाला सांगतं, साखर येते आहे, इन्सुलिन सोड. जठराला सांगतं, दमाने घे, सगळं एकदम खाली ढकलू नकोस. आणि मेंदूला सांगतं, बास, पोट भरलं. काही मुलांमध्ये हा निरोप अशक्त असतो आणि उशिरा पोचतो. पोर जेवतं, साखर भराभर चढते, अंगात चरबी साठते, आणि मेंदू तिकडे वाट बघत बसतो की अजून काही आलंच नाही.

"वहिनी, मैथिली हावरट नाहीये," नाजनीन म्हणाली. "तिला पोट भरल्याचं कळतच नाही."

त्या एका वाक्यासाठी मी त्या पोरीच्या पाया पडले असते. नऊ वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं.

मोठ्या माणसांसाठी या संप्रेरकाची इंजेक्शनं कधीचीच आहेत. लहान पोराला जन्मभर सुया कोण टोचणार, म्हणून कंपनीने दह्यातल्या जिवाणूंचाच एक भाऊबंद घेतला आणि त्याच्यात हे संप्रेरक बनवायची कृती घातली. एक वाटी दही खायचं. तो जिवाणू आतड्यात घर करतो, आणि अन्न आलं की आपणच निरोप पाठवतो. कंपनीने नाव ठेवलं होतं 'उदरसाथ'. आम्ही बाया त्याला विरजण म्हणायचो. या विरजणाचे चार नंबर होते, एक नंबर सौम्य, चार नंबर सगळ्यात जालीम. कोणत्या पोराला कोणता द्यायचा हे संगणक ठरवणार होता. तीन आठवडे पोराच्या दंडावर एक चकती चिकटवायची, ती दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर टिपणार. आणि त्याच तीन आठवड्यांत पोराने काय खाल्लं, किती खाल्लं, ते आईने सांगायचं. एवढ्या खाण्याला साखर एवढी चढली, म्हणजे आतड्याचा निरोप एवढा कमजोर, असा तो हिशेब.

कंपनीने प्रत्येक घरी एक छोटा वजनकाटा दिला होता. पोराची पोळी, भात, भाजी तोलून वाढा म्हणून. मी तो मसाल्याला लावला. लवंग-दालचिनी तोलायला फार छान होता. पोरीचा भात काट्यावर ठेवायचा? माझा हातच गेला नसता.

रोज संध्याकाळी नाजनीन टॅब घेऊन यायची. किती पोळ्या, वहिनी? मी म्हणायचे, लिही दोन. दोनच? दोन लिही गं. मी खोटं बोलत होते का? कसं आहे विचारलं की आपण बरं आहे म्हणतो, तसं होतं ते. पलीकडच्या वैशालीने दोन सांगितल्या, तिच्या जावेनेही दोनच सांगितल्या. अख्ख्या तालुक्यातली लठ्ठ पोरं दोन पोळ्यांवर जगत होती. खऱ्या किती होत्या? पाच असतील, सहा असतील. मला माहीत नाही, तेच तर सांगते आहे.

संगणकाने बघितलं, दोन पोळ्या खाऊन साखर एवढी चढते म्हणजे या मुलीचं आतडं जवळजवळ मुकंच आहे. त्याने मैथिलीला चार नंबर दिला.

शाळेच्या सभागृहात मोठा कार्यक्रम झाला. पांढऱ्या वाट्या, पांढरे चमचे, फोटो. मैथिलीने दही खाल्लं आणि म्हणाली, आई, आंबट आहे. आठव्या दिवशी तिने ताटात अर्धी पोळी ठेवली आणि हात धुतला. पोट भरलं म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले, आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत रडत उभी राहिले.

चार महिन्यांत फरशीचा दिवा हिरवा झाला. बूट घालून, दप्तर घेऊन ती ऐटीत आत गेली. ज्यांनी मला बोल लावले होते, त्याच बाया आता माझ्याकडे विरजण मागायला आल्या. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांना चहासुद्धा पाजला.

मग हळूहळू डबा तसाच परत यायला लागला. तीन घास खाल्ले की गळ्यापर्यंत आलं म्हणायची, चौथा दिला तर उलटी. दुधाचा वास नको, वरणाची वाफ नको. माझ्या फोनवर मात्र कंपनीकडून, दंडावर तशीच ठेवलेल्या चकतीच्या आकड्यांवरून, रोज एक हसरा चेहरा यायचा, साखरेचं उत्तम नियंत्रण, अभिनंदन. मी दोनदा फोन करून सांगितलं, पोरगी जेवत नाही. तिकडून उत्तर आलं, उपचार काम करतो आहे. खानावळीच्या दाराच्या चौकटीवर मी दर महिन्याला तिच्या उंचीची रेघ ओढते. जुलै ते जानेवारी सात रेघा एकावर एक पडल्या. एकच जाड रेघ दिसत होती.

संक्रांतीला मी शेंगापोळी केली. पूर्वी ती तव्यावरूनच उचलून पळायची. या वेळी ताटासमोर बसून राहिली. मला वाटलं गरम आहे म्हणून थांबली असेल.

"आई," ती म्हणाली, "भूक लागते म्हणजे नक्की काय होतं गं? मी विसरले."

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. साखर सेहेचाळीस.

दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून साखर चढवली, तेव्हा तिने डोळे उघडले. वजन बावीस किलो. बाईंनी माझ्यासमोर कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की आमच्या उपचाराने साखर खाली जाऊच शकत नाही, कारण जीएलपी-वन इन्सुलिन मागतं ते साखर वर असतानाच. बाई म्हणाल्या, पुस्तकात ते बरोबर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, पण पोटात काही गेलंच नाही तर साखर येणार कुठून? यकृतात थोडा साठा असतो, तो उपाशी पोर रात्रभरात संपवतं, सकाळी टाकी रिकामी. हे मला बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. कंपनीत एवढे शिकलेले बसतात, त्यांना सात महिन्यांत सुचलं नाही?

मी म्हटलं, मग मारून टाका तो जिवाणू. बाईंनी मान हलवली. आपल्याकडे पोर शिंकलं की अँटिबायोटिक देतात, त्यात विरजण धुऊन जाऊ नये म्हणून कंपनीने त्याला नेहमीच्या सगळ्या औषधांना पुरून उरेल असंच बनवलं होतं. त्याला मारणारं औषध एकच, पाच दिवसांचं, आणि ते फक्त कंपनीकडे.

कंपनीचे मोठे डॉक्टर, केदार वैशंपायन, चाचणीच्या कामासाठी पुण्याहून येऊन मिरजेतच राहिले होते. मी आणि संगमेश त्यांच्या कचेरीत गेलो. माणूस बोलायला गोड. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि पडद्यावर आकडे दाखवले. परदेशातल्या चाचणीत हजार मुलांमध्ये अकरांना चार नंबर लागला होता. मिरजेत दोनशे चाळीसपैकी दोनशे बारांना लागला. आता हे बघून कुणाच्याही मनात यायला पाहिजे होतं की काहीतरी गडबड आहे. यांच्या मनात काय आलं? आमच्याकडच्या मुलांची आतडीच मुळात मंद असतात. तसा शोधनिबंधसुद्धा छापून मोकळे झाले. आता पोरं वाळायला लागली तेव्हा कुठे लक्षात आलं की पोळ्यांचा आकडाच चुकीचा होता.

औषध आहे, ते म्हणाले, फक्त एक माघार-अर्ज भरावा लागेल. टॅब माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की पालकाने मुलाच्या आहाराची माहिती जाणूनबुजून चुकीची दिली, त्यामुळे झालेल्या त्रासाला कंपनी जबाबदार नाही. खाली अंगठ्याची जागा होती. मी म्हटलं, आधी औषध द्या, मग काय लिहायचं ते बघू. ते म्हणाले, ताई, माझ्या हातात नाही, सिस्टीम सही झाल्याशिवाय औषध सोडत नाही.

मी उठले. संगमेशने माझा हात धरला, कर सही म्हणाला. मी म्हटलं, मी माझ्या पोरीला जाणूनबुजून उपाशी मारलं असं लिहून देऊ? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, मग तू केलंस तरी काय? सोळा वर्षांच्या संसारात तो मला एवढं लागेल असं कधी बोलला नव्हता. तो बोलला ते खोटं होतं असं मला म्हणता येत नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं.

नाजनीन घरी वाट बघत बसली होती. कंपनीने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं, नोंदी चुकल्या म्हणून. तिने फोनवर तिच्या जुन्या नोंदींची प्रत उघडली आणि माझ्यापुढे धरली. पदार्थ पोळी, नग दोन. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, तिने लिहिलं होतं: 'आई मोजत नाही. लेकराचे घास मोजायची इथे पद्धत नाही. आकडा अंदाजे, प्रत्यक्षात बराच जास्त असावा.' पुढच्या दिवशी तेच. वैशालीच्या घरी तेच. दोनशे चाळीस घरं, एकवीस दिवस, प्रत्येक ओळीला तिने किंवा तिच्या पोरींनी टाकलेला शेरा. वर तिने कंपनीला पत्रही पाठवलं होतं. उत्तर आलं होतं की कृपया आकडे भरा, गोष्टी लिहू नका.

ते पोरीचं काम बघून मला भडभडून आलं, आणि मग राग आला. एवढं सगळं लिहून ठेवलेलं, पहिल्या दिवसापासून.

कंपनीच्या माणसांचं दुपारचं जेवण माझ्याच खानावळीतून असायचं. दुसऱ्या दिवशी वैशंपायन तिघा-चौघांना घेऊन आले. मैथिली दवाखान्यात सलाईनवर, तिच्याजवळ संगमेश बसलेला, आणि हे माझ्याकडे वांग्याची भाजी खायला आले. मी स्वतः वाढायला घेतलं. त्यांच्या ताटाशेजारी जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने मोजायला लागले.

पहिली पोळी, पहिला घास, म्हटलं. दुसरा घास. तिसरा. त्यांना आधी वाटलं थट्टा करते. हसले. मी हसले नाही. बाकीची गिऱ्हाइकं जेवायची थांबली. दुसरी पोळी वाढली आणि म्हटलं, ही दुसरी, डॉक्टर, पहिलीचे अकरा घास झाले. भाजी परत घेतली, लिहून घेते. तिसरीच्या दुसऱ्या घासाला त्यांचा हात ताटातच राहिला. कान लाल झाले होते.

"जात नाही ना खाली?" मी म्हटलं. "तुम्ही चाळीस वर्षांचे आणि मी तुमची कुणी लागत नाही. आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या आईने असं वाढायचं होतं, तीन आठवडे, दिवसातून तीन वेळा."

ते हळू आवाजात म्हणाले की हे आम्हाला माहीत नव्हतं. मी नाजनीनची प्रत त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, माहीत होतं, लिहून दिलेलं होतं. आणि माझ्याकडे येऊन विचारलं असतं तर तोडगा पण सांगितला असता. लेकराचे घास कशाला मोजता, परातीतली कणीक आधी तोला आणि नंतर तोला. भाताचं पातेलं तोला. घरातल्या प्रत्येक बाईने आनंदाने करू दिलं असतं. पण विचारायचं कुणाला, खानावळवालीला?

त्यांनी दोन-तीन पानं वाचली. वाचताना चेहरा पडला, हे मी बघितलं, तेवढं श्रेय देते. मग जे बोलले ते बहुतेक स्वतःचा बचाव म्हणून बोलले.

"शेरा सिस्टीम वाचत नाही हो, ताई. कुठल्याच फॉर्ममधला. ती फक्त आकडे आणि सही बघते."

त्यांनी हात धुतला आणि निघून गेले. मी तिथेच पाण्याचा जग हातात घेऊन उभी होते. कुठल्याच फॉर्ममधला.

मी नाजनीनला हाक मारली आणि विचारलं, त्या माघार-अर्जाला शेऱ्याचा रकाना आहे का गं? तिने तिच्या फोनवर कोरा अर्ज उघडला. होता. सगळ्यात खाली, अंगठ्याच्या जागेच्या अगदी वर, पाचशे अक्षरांची जागा. सही केली की कंपनीच्या शिक्क्यानिशी त्याची प्रत आपल्या फोनवर येते, आणि शिक्का पडल्यावर त्यातला कानामात्रासुद्धा कुणाला बदलता येत नाही.

आम्ही दवाखान्यात गेलो. मैथिली झोपली होती. तिच्या उशाशी बसून नाजनीनने लिहून घेतलं आणि मी सांगत गेले. 'वर छापलेला मजकूर खोटा आहे. मी जाणूनबुजून काही केलं नाही. आम्ही लेकराचे घास मोजत नाही, हे कंपनीच्या बाईने पहिल्या दिवसापासून एकवीस दिवस लिहून कळवलं होतं. ते कुणी वाचलं नाही. मुलगी जेवत नाही म्हणून मी दोनदा फोन केला, तोही कुणी ऐकला नाही. औषध अडवून धरलं म्हणून सही करते आहे. शुभांगी संगमेश आवटी.' जागा पुरून उरली. मग अंगठा ठेवला.

फोनवर एक हिरवी खूण आली. अर्ज स्वीकारला, औषध रवाना. दुपारी तीनला पेटी वॉर्डात पोचली. संगमेशने पेटी हातात घेतली, माझ्या फोनवरचा शेरा वाचला, परत एकदा वाचला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माफी मागितली नाही त्याने, मीही मागायला लावली नाही. त्याने संध्याकाळी टेंपो काढला आणि म्हणाला, चल, वैशालीकडून सुरुवात करू.

मैथिलीला डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली ठेवून दोन दिवस मी, संगमेश आणि नाजनीन तालुकाभर फिरलो. काही घरांत पोरं गळून पडलेली, काही घरांत अजून वजन उतरल्याचा आनंद चालू होता, तिथे समजावताना तोंडाला फेस आला. कुणी सासऱ्यांना विचारायचं म्हणून थांबली, एकीने खोट्या कागदावर अंगठा देणार नाही म्हणून दार लावलं. तिच्या दारात मी शेरा मोठ्याने वाचला, तेव्हा उघडलं. प्रत्येकीने आपापल्या शब्दांत लिहिलं. तिसऱ्या दिवसापर्यंत चार नंबरच्या दोनशे बारापैकी दोनशे सात मुलांचं औषध निघालं होतं. चौथ्या दिवशी कंपनीत कुणीतरी पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना उघडून वाचला आणि अर्ज बंद करून टाकला. राहिलेल्या पाच जणांसाठी डॉक्टरीणबाई कलेक्टर कचेरीत जाऊन बसल्या, तेव्हा त्यांनाही मिळालं.

औषधाचे पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी काही नाही, सातव्या दिवशी काही नाही. मैथिली घरी आली, सलाईन गेलं, पण मी भरवेन तेवढंच खायची आणि तोंड फिरवायची. बाई म्हणत होत्या धीर धरा. धीर कसला धरता, तिचं स्वतःचं आतडं सात महिने गप्प बसलेलं, ते परत बोलेल याची हमी कोण देणार? मी कुणाशी नीट बोलत नव्हते त्या दिवसांत. पोळ्या लाटताना पोळपाटसुद्धा आपटत होते.

चौदाव्या दिवशी दुपारी दीडला, खानावळ गच्च भरलेली असताना, गल्ल्यामागे चित्र काढत बसलेली मैथिली उठून स्वयंपाकघरात आली. दोन्ही हात पोटावर धरलेले. घाबरलेली होती.

"आई, पोटात काहीतरी होतंय. आतून कुणीतरी ओढल्यासारखं."

मी तवा खाली उतरवला. तिला सांगितलं की घाबरू नको, याला भूक म्हणतात. मग तिला तिथेच गिऱ्हाइकांच्या बाकावर, मास्तरांच्या शेजारी बसवलं आणि ताट वाढलं. ती जेवायला लागली आणि मी पाठ फिरवून तव्यापाशी गेले.

आता चौकशी समिती बसली आहे. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की मातांनी स्वतः सह्या करून कबुली दिली. अध्यक्षबाई म्हणाल्या, ठीक आहे, सगळे अर्ज वाचू, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तेव्हा वकील पाणी प्याले. नाजनीनची साक्ष पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की मैथिलीला खरं तर एक नंबर पुरला असता, उपचार चांगला होता. हे ऐकून मला सगळ्यात जास्त चीड आली. चांगली गोष्ट होती, ती यांनी न वाचून नासवली. माझाही हात आहे त्यात, मी दोन लिही म्हटलं होतं. ते मी समितीपुढेही सांगितलं. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

समितीचा एक तरुण अधिकारी परवा खानावळीत आला होता. सध्याची प्रकृती नोंदवायची म्हणाला. वजन सव्वीस, उंची, साखर, सगळं पटापट लिहून घेतलं. चौकटीवरची नवीन रेघ मी त्याला दाखवली, जुन्या जाड रेघेच्या बोटभर वर. मग त्याने विचारलं, मुलगी आता रोज किती पोळ्या खाते?

त्याच्या समोरच मैथिली शेंगापोळी खात बसली होती. मास्तरांची तिसरी संपत आली होती, दाराजवळच्या माणसाच्या दोन झाल्या होत्या.

मी म्हटलं, तो आकड्याचा रकाना मोकळा सोडा. शेऱ्यात लिहा, पोटभर.